शेजारणीला काय समजलं नाही

नर्सिंग कॉलेजात शिकवून मला बरीच वर्षं झाली. तास संपताना "समजलं का?" विचारलं की सगळ्या मुली एका सुरात "व्हय मॅडम" म्हणतात, आणि चाचणीत निम्म्या नापास होतात. एका प्रशिक्षणात ऐकलं होतं, तास संपला की बिननावाची चिठ्ठी घ्या, न समजलेलं लिहायला सांगा. कामांच्या यादीत टाकलं आणि पंधरा दिवस नेमानं केलं. प्रत्येक चिठ्ठीवर तेच: सर्व समजले, धन्यवाद मॅडम.

"भिशी लावली का मॅडम?" चिठ्ठ्यांचा ढीग बघून स्टाफरूममधले एक सर म्हणाले. मला हसायचाही कंटाळा आला होता.

समजलं नाही म्हणणं म्हणजे मॅडमनी नीट शिकवलं नाही म्हणणं. मोठ्या माणसाला ते लिहून कोण देणार?

सोमवारपासून वर्गाला लहान मुलांच्या वॉर्डात पाठवायचं होतं. ज्यांना औषधाच्या मात्रेचं गणित जमतं त्यांच्याच नावापुढं माझी सही. एका मुलीची सही दोनदा राहिली होती. या खेपेला राहिली तर वर्ष जाणार. ती तेर गावाहून एसटीनं यायची, उशिरा पोचायची, म्हणून शेवटच्या बाकावर एकटी बसायची.

गुरुवारी मी फळ्यावर प्रश्न बदलला: तुमच्या शेजारणीला काय समजलं नसेल? खसखस पिकली, पण पेनं चालली. चिठ्ठ्या मी बाकाबाकाशी जाऊन घेतल्या. शेवटच्या बाकावरची अशी होती: शेजारणीला पॉइंटचा भागाकार येत न्हाय. पाचवीपासून.

त्या बाकावर दुसरं कुणी नव्हतं.

इतकी वर्षं मी मात्रेचं सूत्रच घोटून घेत होते. शुक्रवारी सगळ्या वर्गाला नुसता भागाकार शिकवला. तिची पाचपैकी तीन उत्तरं बरोबर आली. पॉइंट एक घर सरकला तर बाळाला दहापट औषध जातं. तीनवर सही होत नाही.

तास सुटल्यावर तिला थांबवलं. "उद्या पहिल्या गाडीनं येशील?"

"येते की. पण कॉलेज उघडं नसतंय तवा."

"किल्ली मी आणते. शेजारणीलाही आण."

ती खाली बघून हसली.

शनिवारच्या यादीत 'आराम' लिहिलं होतं, ते खोडलं. सहीचा कागद तिच्या नावापुढं कोराच ठेवून पर्समध्ये टाकला.