मासे वाळवायच्या अंगणातली हॉकी

चाकांच्या बुटांचा खडखडाट मला अजून ऐकवत नाही. आमच्या सोसायटीत पोरं संध्याकाळी स्केटिंग करतात, तेव्हा मी खिडक्या लावून घेते. शेजारीण म्हणते, "एवढ्या खमक्या तुम्ही, आणि पोरांच्या खेळाला घाबरता?" घाबरते. काय करू?

तेव्हा मी तेरा वर्षांची होते, धाकटी बहीण नऊची. घर तंजावुरात, पण मे महिन्यात आम्ही दोघी मामाकडे नागपट्टणमला जायचो. मामा बंदराच्या कचेरीत होता आणि त्याचं क्वार्टर समुद्राला अगदी लागून. त्या वर्षी त्याच्याकडे नवीनच केबल आली होती. मामेभावाने त्यावर कुठल्याशा परदेशी किनाऱ्यावर पायांना चाकं लावून हॉकी खेळणारी माणसं पाहिली, आणि झालं, भूत मानगुटीवर बसलं. जेवण सोडायची धमकी देऊन पठ्ठ्याने मद्रासहून स्केट्स आणवल्या. तीन जोड. खेळणारे सहा. पट्ट्याने बांधायच्या होत्या, डावं-उजवं असं नव्हतं, म्हणून प्रत्येकाला एकेकच. उजव्या पायात चाकं, डाव्यात चप्पल. डाव्याने ढकलायचं, उजव्यावर घसरायचं. काठ्या म्हणजे नारळाच्या झावळ्यांचे दांडे, बुडाशी रुंद असतात ते. चेंडू फार उड्या मारायचा, म्हणून बूटपॉलिशच्या डबीत ओली वाळू भरून तीच ठोकायचो.

वाळूवर चाकं चालत नाहीत. आसपास जागा एकच होती, कोळ्यांचं मासे वाळवायचं सिमेंटचं अंगण. पहाटे गेलेल्या होड्या परतेपर्यंत ते रिकामं असायचं. आम्ही सोवळ्याच्या घरातली पोरं तिथे रोज सकाळी माशांच्या खवल्यांवरून घसरून पडायचो, आणि घरी आलो की मामी उंबऱ्याबाहेरच दोन-दोन बादल्या डोक्यावर ओतायची. "शी शी शी! कुठल्या जन्मीचं पाप हे!" म्हणत ओतायची, आणि मग गरम इडल्या वाढायची.

बहिणीला खेळायची बंदी होती. ती नुसती आमच्या बाजूच्या गोलात उभी राहायची, बिनचाकांची. तिच्या काळजाला भोक होतं. जन्मापासूनचं. अंगात थोडं वजन आलं की मद्रासला ऑपरेशन करू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तोवर धावायचं नाही, जिने चढायचे नाहीत. कधी दम लागला, ओठ जांभळे पडले, तर ती आपली आपण उकिडवी बसायची, गुडघे पोटाशी घट्ट धरून, आणि थोड्या वेळाने बरी व्हायची. असं बसवायचंच, हे घरात आम्हाला सगळ्यांना पाठ होतं.

पण हे फक्त घरात. तंजावुरातले आपले मराठी लोक ते किती? बोटावर मोजण्याइतकी घरं, सगळी एकमेकांच्या नात्यातली. बातमी फुटली तर हिला करून घेणार कोण? हा अम्माचा धोशा. नऊ वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी! म्हणून या दुखण्याबद्दल बाहेर ब्र काढायचा नाही, आणि घरातही बोलायचं ते आपल्या मराठीत, तमिळमध्ये एक अक्षर नाही. मद्रासच्या डॉक्टरकडे जाताना आम्ही शेजारी सांगायचो, लग्नाला चाललो. शेजारच्या पाटी, म्हणजे तिथल्या आजीबाई, म्हणायच्या, "केवढी गं लग्नं तुमच्यात!" मामा-मामींना ठाऊक होतं. मामेभावाला नव्हतं. निघताना अम्माने माझा दंड धरून बजावलं होतं, "तुझ्या भरवशावर धाडतेय. तिला धावू देऊ नकोस. आणि तोंडाला कुलूप."

त्या सकाळी माझ्या बाजूची दोन पोरं आली नाहीत. तिघांविरुद्ध मी एकटी. सहा गोल झाले आमच्यावर. मामेभाऊ दात काढत म्हणाला, "तंजावूरच्या बाहुल्या! नुसत्या माना डोलवा. अगं, तिला घे की पुढे. दोन स्केट पडल्यात नुसत्या."

नाही म्हणायला काय झालं होतं मला? पाय दुखतोय, पोट दुखतंय, काहीही सांगता आलं असतं. पण मी हरत होते आणि मला हरणं मुळीच सोसत नाही. तेवढ्यात बहीणच माझ्या हाताला लोंबकळली. "अक्का, दोन्ही पायांत चाकं असली तर धावणं कुठं गं? चाकं धावतील. मज उभंच राहायचंय."

"ये," मी म्हटलं. "पण हळू."

हळू कसली! इतके दिवस गोलात उभं राहून तिने आमचं सगळं बघून ठेवलं होतं. दोनदा आपटली, आणि तिसऱ्यांदा सरळ निघाली ती घसरतच. मी डबी तिच्याकडे ढकलली. तिने दांड्याने एक टोला दिला आणि डबी मामेभावाच्या दोन पायांमधून आरपार गेली. मी आनंदाने किंचाळले. तिने हात वर केले. आणि तशीच, अंगणाच्या मधोमध, उकिडवी बसली.

मला कळलं. बाकीचे हसत होते. मी जवळ गेले तर नखं निळी, ओठ जांभळासारखे. "बस, बस अशीच," म्हणत मी तिची पाठ चोळत राहिले. नेहमी उतरायचं ते उतरेना. श्वास असा आत ओढत होती की गळ्याखाली खड्डा पडायचा. मग तिची मान माझ्या खांद्यावर पडली.

मामेभावाने तिला उचललं. क्वार्टर्सच्या फाटकापाशी दवाखाना होता, तिथे तिला खाटेवर ठेवून तो मामीला आणायला पळाला. मी तिथे एकटी. डॉक्टर अजून आले नव्हते, नर्स होती. वयस्क, मायाळू बाई. तिने तमिळमध्ये विचारलं, "काय झालं पोरीला? आधीचा काही आजार आहे का?"

मी म्हटलं, "ओण्णुमिल्लै." काही नाही. "उन्हात खेळत होती."

सकाळचे सात वाजत होते. कुठलं ऊन आलं होतं? पण तमिळमध्ये ते दुखणं मी उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं. डोळ्यांपुढे अम्मा उभी, दंड धरून. मामी येईल, मामी सांगेल, असं मनाशी घोकत होते.

नर्सने मान हलवली. चक्कर आलेल्या माणसाला करतात तेच तिने केलं. बहिणीला उताणं निजवलं आणि पाय सरळ केले. बहिणीने गुडघे वर ओढले. नर्सने ते प्रेमाने खाली दाबले. "सरळ, कण्णा, बाळा, सरळ नीज." तिने पुन्हा ओढले. पुन्हा दाबले. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून बघत होते. हे असं करायचं नाही, हे मला माहीत होतं, आणि मी गप्प होते. ती माझ्याकडे बघत होती. नर्सने मला पुन्हा विचारलं, "नक्की काही नाही ना?" मी पुन्हा नाही म्हणून मान हलवली. देवा, दुसऱ्यांदासुद्धा!

मग बहीणच बोलली. शब्दागणिक श्वास तुटत होता, पण तमिळ स्वच्छ. "सिस्टर, माझ्या काळजाला भोक आहे. मला गुडघे पोटाशी घेऊ द्या."

नर्स विजेचा झटका बसावा तशी हलली. गुडघे पोटाशी दाबून धरले, प्राणवायूचा मुखवटा लावला, डॉक्टरांना बोलावणं धाडलं. मामी ओलेत्यानेच धावत आली. कितीतरी वेळाने ओठांचा रंग बदलू लागला. तोवर मी भिंतीला टेकून उभी होते.

दुपारी तंजावूरहून अप्पा गाडी करून आले. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, वेळेवर कळलं म्हणून निभावलं. अप्पा खाटेपाशी आले आणि आपल्या मराठीत हळूच विचारलं, "यांना सांगितलं कोणी?"

सांगितलं म्हणून रागावतील, की सांगितलं नाही म्हणून, तेच मला कळेना. बहिणीने तोंडावरचा मुखवटा बाजूला केला.

"अक्काने," ती म्हणाली.

अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. एरवी लाड करणारा माणूस नव्हे. त्यांचे डोळे भरले होते. "बरं केलंस हो, बाळ. आम्ही थोरांनी लपवलं, तू तोंड उघडलंस. तू बोललीस म्हणून माझी पोर राहिली. तूच सांगितलंस ना?"

ती खाटेवरून माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "हो."