मांडीवरचा रस्ता

आमच्या चार वर्षांच्या मुलीला मुंबई दाखवायची ठरली, तेव्हा भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर आदल्या दिवशी घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसून त्याने बोटाने स्वतःच्या मांडीवर जळगावपासूनचा रस्ता काढला. पारोळ्याला दूध गरम करून मिळेल, धुळ्यानंतर पोरं झोपतात, कसारा घाटाआधी काही खाऊ घालू नका. बायको सगळं लिहून घेत होती.

"तुम्हालाही लहान मूल आहे वाटतं?" मी विचारलं.

"पोर शे, इतलीच," त्याने हाताने आमच्या मुलीएवढी उंची दाखवली.

"तिलाही गाडी लागते?"

"माहीत नही, भाऊ. ती कधी गाडीमा बठनीच नही."

मी एसी नीट चालतो ना, ते विचारलं.

सकाळी निघालो, तेव्हा मागची एक जागा रिकामी होती. तिथे आम्ही मुलीचं कापडी अस्वल बसवलं आणि त्याला पट्टाही लावला.