पावणंमामाचं नाव

पावणंमामानं मला सहा वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नाही. मलाच काय, गगनबावड्याच्या वरच्या रानातल्या हाकेच्या तळ्याकडं त्यानं ज्यांना ज्यांना नेलं, ते सगळे त्याला "पावणं"च. म्हणून तो आमचा पावणंमामा. त्याचं खरं नाव विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

मी कोल्हापुरातून रविवारी लोकांना ट्रेकला न्यायचो आणि मामा वाट दाखवायचा. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारा मी पहिला, तेही भौतिकशास्त्र घेऊन, आणि हे सांगायला मी कधी लाजलो नाही. मामाला तर पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यानं बिडी कानामागं खोचली. "चांगलं झालं की," म्हणाला, "पर चढाला बोलू नका, दम लागंल."

तळ्याच्या अलीकडच्या वळणावर एक सपाट कातळ आहे. तिथं प्रत्येकानं एक खडा ठेवायचा, आणि तिथून पुढं कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. परतताना ज्यानं त्यानं आपला खडा उचलायचा. खडा उरला की माणूस मागं राहिलं, असा मामाचा हिशेब. नावाचं कारण तो एकदाच सांगायचा, तेही पुढं बघत. एका धनगरानं तळ्याकाठी आपल्या भावाला हाक मारली, तळ्यानं नाव ऐकलं, आणि महिन्याभरानं त्याच हाकेला भाऊ उठून चालत गेला. पोरं हसायची. मामा हसणाऱ्यांना रांगेत आपल्या मागंच घ्यायचा.

दोन वर्षांमागं श्रावणात एकोणीस जण होतो. धुकं इतकं, की पुढच्याची फक्त पिशवी दिसत होती. परतताना कातळावर एक खडा उरला. मोबाइलवरच्या यादीशी माणसं ताडून बघितली, तर इचलकरंजीची स्नेहल नव्हती. तिच्या वडिलांना मी फोनवर शब्द दिला होता. मी तळ्याकडं तोंड करून जोरात ओरडलो, "स्नेहल!"

तळ्याकडनं उत्तर आलं, "ओ."

मामानं माझं तोंड दाबलं. त्याच्या हाताला तंबाखूचा वास होता. तेवढ्यात खालच्या वाटेनं स्नेहल वर आली. ती खडा उचलायचं विसरून पुढं गेली होती आणि आम्ही का थांबलो ते बघायला परतली होती.

मी म्हटलं, कड्यावर आवाज आपटतो, प्रतिध्वनी आहे.

"मग तिकडनंबी 'स्नेहल'च यायला पायजे हुतं की," मामा हळूच म्हणाला. "तुमच्या शाळंत 'ओ' देणारा कडा शिकिवलाय व्हय?"

मी यादी काढून पोरं पुन्हा मोजायला लागलो.

मामानं सगळ्यांना कातळापाशी बसवलं आणि एकटाच माघारी गेला. मी मामाच्या काळजीनं हळूच त्याच्या मागं गेलो. तो काठावर उकिडवा बसून पाण्याला काहीतरी सांगत होता. संपूर्ण नाव, बापाच्या नावासकट, तीनदा. आल्यावर मी विचारलं, तर म्हणाला, "एका येळंला एकच नाव ऱ्हातंय त्येच्या ध्यानात. पोरीचं पुसलं. पर तिला परत आणू नका, पावणं."

मी त्या दिवशी त्याला वेडा म्हटलं नाही, एवढंच माझ्या पदरी.

स्नेहल आता नर्स आहे, खुशाल आहे. मामा पुढच्या पावसाळ्यात गेला. म्हणजे काय झालं, ते त्याच्या सुनेच्याच शब्दांत सांगतो: "मामंजी सकाळी अंगणात चहा पीत बसलेलं. कुणी हाक मारल्यागत 'ओ' म्हणालं आन उठून चालाय लागलं. मला काय ऐकू आलं न्हाय." आम्ही चार दिवस रान पालथं घातलं. कप तेवढा पायरीवर होता, अर्धा भरलेला.

कातळावर एकच खडा होता. मी तो उचलला नाही. ज्याचा त्यानं उचलायचा असतो.

मी आता तिकडं कुणाला नेत नाही. मामाचं नाव मला माहीत आहे, त्या दिवशी काठावर ऐकलं तेच, पण इथं लिहिणार नाही. तुमच्यापैकी कुणाला ते ठाऊक असेल, तर तिकडं गेलात तरी त्याला हाक मारू नका. तो ओ देईल.