उजवीकडे पूर्व

पश्चिमेच्या गेटवर सगळी पोरं आली आणि माझी आली नाही.

एकेक पोरगं अंधारातनं पळत यायचं, हातातला कागद हलवायचं, त्याची आई त्याच्या कानावर टोपी ओढायची आणि दोघं निघून जायची. असं होता होता गेटवर मी एकटीच उरले. मग कुणीतरी मैदानातले दिवे लावले. मैदान रिकामं. दोन टेबलं, एक दुर्बीण, बिस्किटाचे कागद, बाकी कुणी नाही. माझ्या एका पायातली चप्पल कधी निघाली मला कळलं नाही. मी ओरडत सुटले, ते पण मराठीत, "अगं कुठं आहेस, अगं बोल की!" गार्ड माझ्याकडं नुसता बघत राहिला. त्याला कळायला पाहिजे म्हणून हिंदीत बोलायला गेले तर हिंदीतला एक शब्द तोंडात येईना. तीन वर्षं झाली चंदीगडात, भाजी आणते, दूध आणते, भांडते सुद्धा हिंदीत, आणि त्या वेळेला काही नाही.

त्या मैदानाला दोनच गेटं. पश्चिमेचं आमच्या सरकारी क्वार्टर्सकडं उघडतं. पूर्वेचं उघडतं ते थेट मोठ्या रस्त्यावर, त्रेचाळीस सेक्टरच्या स्टँडला जाणाऱ्या बशी तिथनं सुसाट जातात.

आता ते आकाश बघायचं काय होतं ते सांगते. कॉलेजची पाच-सहा पोरंपोरी कॉलनीत आली होती, तारे दाखवायला. धुकं संपलेलं, फेब्रुवारीचा शेवट, संध्याकाळी साडेसातलाच आभाळ लख्ख. दोन दिवस आधी त्यांनी प्रत्येक मुलाला एक कागद वाटला. एक मोठा गोल, गोलात ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा आणि गोलाच्या कडेला चार दिशा. शेवटी एक खेळ ठेवलेला. दिवे बंद. मुलांनी कागद बघून आभाळातला मृग शोधायचा, मग कागदावरनं पश्चिम कुठली ते ओळखायचं आणि त्या गेटवर चालत यायचं. तिथं आईबाप उभे. पूर्वेचं गेट बंद ठेवू म्हणाले होते.

माझी मुलगी तिसरीत. शाळेत इंग्रजी, खेळायला हिंदी, मराठी तिला कळतं पण उत्तर हिंदीत देते. अभ्यासाला बसली की मला उठवते. "मम्मी को नहीं आता, पापा से पूछूंगी." हे ती भांडून नाही म्हणत, पाणी दे म्हणावं तसं म्हणते. मी आठवी पास. नववीत गणितात गेले, मग घरीच. आमचे हे केंद्राच्या ऑफिसात आहेत, घरी यायला त्यांना साडेसात-आठ होतात. कागद मिळाला त्या दिवशी पोरगी तो घेऊन माझ्यासमोर बसली कारण घरात दुसरं कुणी नव्हतं.

मी कागद घेतला. इंग्रजी मला अक्षर-अक्षर लावून वाचता येतं. वर N, खाली S. आणि डावीकडं E. डावीकडं पूर्व? मला शाळेतला भूगोल आठवला, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, बाई पट्टी लावून म्हणायच्या, वर उत्तर, खाली दक्षिण, उजवीकडे पूर्व. तेवढं माझं पक्कं. तरी एकदा ताडून बघायचं ठरवलं. तिला घेऊन गच्चीवर गेले, उत्तरेला तोंड करून उभी राहिले. मी रोज सकाळी तिथं कपडे वाळत घालते, सूर्य कुठनं येतो ते मला कुणी शिकवायला नको. उजव्या हाताला येतो. म्हणजे कागद चुकला.

"छापणाऱ्यानं घोळ केलाय," मी म्हणाले.

"पक्का?"

"पक्का."

मी निळ्या पेनानं डावीकडचा E खोडला आणि W केला, उजवीकडचा W खोडला आणि E केला. पोरगी माझ्याकडं बघत होती. मग खाली जाऊन शेजारच्या मुलीला मोठ्यानं सांगताना मी ऐकलं, "मेरी मम्मी ने गलती पकड़ी, इंग्लिश वाली गलती!" त्या दिवशी माझी भाजी जास्त चांगली झाली होती असं मला वाटतं.

तर मैदानात मी धावत होते आणि माझ्या मागं गार्ड. तो म्हणाला, "बहनजी, उधर वाला देखते हैं." उधर वाला म्हणजे पूर्वेचं गेट. चहाची गाडी आत घ्यायला कुणीतरी ते उघडलं होतं आणि तसंच राहिलं होतं. मी रस्त्याकडं बघितलंच नाही. बशीचा हॉर्न ऐकला आणि मान खाली घातली. चालत राहिले.

ती गेटाच्या खांबाला टेकून उभी होती. रस्त्यापासून चार पावलांवर.

"मम्मी, आप लेट हो. मैं तो सबसे पहले आई थी."

मी तिला मारलं का जवळ घेतलं, मला आता नीट आठवत नाही. दोन्ही केलं असेल.

तेवढ्यात त्या कॉलेजवाल्यांतली एक मुलगी पळत आली, विशीतली, डोळ्यात पाणी. तिनं पोरीला विचारलं, बेटा, कागद कसा धरला होता. पोरीनं दोन्ही हात वर करून डोक्यावर धरून दाखवला. "ऐसे. जैसे दीदी ने बोला." ती मुलगी म्हणाली, हे तर बरोबर आहे. आभाळाचा कागद खाली नाही ठेवायचा, डोक्यावर धरायचा, वर धरला की डावं-उजवं पालटतं, म्हणून तर पूर्व डावीकडं छापतात. मग ही इकडं कशी आली?

मला तिथंच उभ्या-उभ्या कळलं. कागद जमिनीवर ठेवला असता तर मी बरोबर होते.

मी पोरीच्या हातातनं कागद घेतला आणि शालीत घातला. कुणी बघितलं नाही. पोरीनं बघितलं.

मग आमचे हे आले. ऑफिसातनं थेट, बॅग खांद्यालाच. कुणीतरी त्यांना फोन केला होता. त्यांनी पहिल्यांदा पोरीला बघितलं, मग गेट, मग रस्ता, आणि त्या कॉलेजच्या मुलीवर तुटून पडले. "आपको शर्म नहीं आती? बच्चों को गलत नक्शा देते हो? मेरी वाइफ ने दो दिन पहले बोला था, गलत छपा है!" मी त्यांना सांगितलं होतं खरं. जेवताना. ते हसले होते आणि म्हणाले होते, वा, बाईसाहेब.

ती मुलगी म्हणत होती, "सर, नक्शा सही है, एक बार दिखाइए तो."

"दाखव गं तो कागद," हे मला म्हणाले.

आजूबाजूला दहा-बारा माणसं जमली होती. पोरगी माझा हात धरून उभी, मान वर करून माझ्या तोंडाकडं बघत.

"पडला कुठंतरी," मी म्हणाले. "अंधारात."

पोरीनं माझ्या शालीकडं बघितलं.

त्या मुलीनं सगळ्यांच्या देखत हात जोडून माफी मागितली. कॉलनीच्या सेक्रेटरींनी तिला सांगितलं, पुन्हा इथं कार्यक्रम नको. तिनं मान हलवली, टेबलं मिटवली, दुर्बीण पेटीत ठेवली. जाताना तिनं पोरीच्या केसावरनं हात फिरवला.

त्याला आता वर्ष होत आलं. पोरगी अभ्यासाला बसली की आता मला उठवत नाही, मलाच विचारते, रोज विचारते. आणि मी सांगितलेलं सगळं लिहून घेते, एकदासुद्धा "पक्का?" म्हणत नाही. मला त्याची भीती वाटते. माझीच चूक होती हे तिला सांगावं तर ती मला पुन्हा उठवेल, नाही सांगावं तर ती मी सांगेन त्या गेटवर जाऊन उभी राहील.

तुम्ही असता तर शालीतनं कागद काढला असता का? तेव्हा, सगळ्यांसमोर, ती बघत असताना?