सुईताईचं हँडल

तिला सगळे सुईताई म्हणतात. रक्त तपासणाऱ्या एका लॅबसाठी ती सकाळी मोटरसायकलवरून घरोघर फिरते आणि आजाऱ्यांचं रक्त काढून आणते. या कामात डोळ्यांचा उपयोग थोडा. दंडाला पट्टा बांधून कोपराच्या खळीत बोट दाबलं की जी किंचित उसळते, ती शीर. गेले काही महिने ती उसळी सुईताईच्या बोटांना कळेनाशी झाली होती.

गाडीवरून उतरलं की तळहातांना मुंग्या यायच्या आणि बोटं परक्याची वाटायची. एका वृद्ध गृहस्थांना तिने पुन्हा पुन्हा टोचलं. ते लेकीला म्हणाले, "उद्या दुसरं कुणी येतं का विचार." लॅबच्या डॉक्टरांना मनगटातली नस दबली असावी अशी शंका होती. महिनाभरात फरक पडला नाही, तर सुई सोडून काउंटरवर बसायचं, असं ठरलं. काउंटरवर बसायच्या कल्पनेनेच तिची झोप उडाली होती.

नवरा कारखान्यात लेथवर धातूचे भाग कातणारा टर्नर. त्याला ढिलं काही सहन होत नाही. त्यांच्या घरात एक खुर्ची डुगडुगत नाही की एक दार खडखडत नाही. मुंग्या गाडीच्या थरथरीनेच येत असणार, असं धरून तो गाडीच्या मागे लागला. मुठींवर जाड फोम चढवला, हँडलच्या टोकांना वजनं लावली, हातमोजे आणले. "पडला का फरक?" तो रोज विचारायचा. "थोडा," ती म्हणायची. थोडाही पडला नव्हता.

शेवटी ती एकटीच गॅरेजमध्ये गेली. मिस्त्री एक फेरी मारून आला आणि हात झटकत म्हणाला, "ताई, हे हँडल आहे की पिठाची गिरणी?"

इंजिनाचे बोल्ट घट्ट होते. मग त्याने हँडल खोललं. ते जिथे गाडीवर बसतं, तिथून पितळेचे दोन चकचकीत बुश, म्हणजे सांध्यात बसवायच्या कड्या, निघाले.

"हे कुणाचं काम?"

"आमच्या ह्यांचं. रबराचे झिजायचे, हँडल हलायचं. म्हणून ह्यांनी लेथवर काढून दिले."

"हात सोन्याचा आहे त्यांचा. पण इथे रबरच लागतं. इंजिनाची थरथर त्याने गिळायची असते. हे पितळ ती जशीच्या तशी तुमच्या हातात देतंय."

ते पितळी बुश बसवले त्याच सुमारास लॅबने तिला शहराबाहेरच्या वसाहती दिल्या होत्या. दोष तिने अंतराला दिला होता. मिस्त्रीने नवे रबरी बुश घातले. परतताना अर्ध्या रस्त्यात तिने गाडी थांबवून तळवे एकमेकांवर चोळून पाहिले. मुंग्या नव्हत्या.

संध्याकाळी नवऱ्याने ते पितळी बुश हातात फिरवून पाहिले. "दोन्हींत केसाचाही फरक नाही," तो म्हणाला. मग ते खाली ठेवत म्हणाला, "म्हणजे तुझ्या हाताची वाट मीच लावली."

"लावलीत खरी. पण डॉक्टर नस म्हणत होते. त्यापेक्षा तुम्ही परवडलात."

तो खाली जाऊन हँडल धरून आला. "हलतंय गं."

"हलू दे."

"नुसतं जरासं आवळतो."

"हात लावाल तर सुई टोचेन."

तो हसला आणि चहा टाकायला उठला.

बोटं लगेच ताळ्यावर आली नाहीत. आधी अंगठा सुधारला, मग बाकीची. महिना संपायच्या आत एका सकाळी ती एका जाडजूड बाईंकडे गेली. त्यांची शीर खोल, कुणालाच पटकन सापडत नाही. सुईताईने खळीत बोट दाबलं, थोडं सरकवलं आणि थांबली. बाईंनी डोळे गच्च मिटले होते.

"टोचायच्या आधी सांगा हं," त्या म्हणाल्या.

"टोचून झालं," सुईताई म्हणाली. नळी भरत आली होती.