कृष्णवेणीचा होकार

जयनगरात एका जिन्याखालच्या गाळ्यात नरसिंहरावांचं शिवणकाम चाले. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेलं घराणं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. त्यांच्यासारखी ब्लाउजची बाही कुणाला बसवता येत नाही, असं बायका म्हणत. पण लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील, एका दसऱ्याला या शांत माणसानं गिऱ्हाइकांच्या रेशमी साड्या कापून तोरणं केली आणि रस्त्यातल्या झाडाझाडाला बांधत सुटला. तोंड थांबेना, डोळ्याला डोळा लागेना. बायको कृष्णवेणी अनवाणी मागे धावत होती आणि लोक हसत होते.

मनोविकाराच्या डॉक्टरांनी लिथियमची गोळी सुरू केली, आणि महिन्याभरात तिचा नवरा तिला परत मिळाला. हात तेवढे जरा थरथरत. सुई ती ओवून देई. सकाळच्या कॉफीबरोबर गोळी द्यायला ती कधी चुकली नाही. मधूनमधून रक्ताची तपासणी होई, किडनीचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा आकडा जेमतेम हद्दीत येई, आणि सगळे निर्धास्त होत. अशी कितीतरी वर्षं गेली.

मग पाय सुजायला लागले. जेवणाचं ताट समोर आलं की नरसिंहरावांना मळमळे. मूत्रपिंडाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून कृष्णवेणीला समोर बसवलं.

"अम्मा, रक्तातला हा आकडा अंगच्या मांसावरही अवलंबून असतो. हे पहिल्यापासून काडीसारखे. म्हणून तो कमी दिसत राहिला, आणि आतून किडन्या झिजत गेल्या."

"कशानं झिजल्या?"

"बहुतेक त्या गोळीनं."

कृष्णवेणीला आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना.

गोळी बंद झाली, डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा दोघं रिक्षानं जात. एकदा बाईंनी मोठा डबा देऊन एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची लघवी साठवून आणायला सांगितली. ती मोजून बाई म्हणाल्या, "थोडी किडनी अजून चालते आहे. तेवढ्यावर यांना पाणी जरा जास्त पिता येईल. ही जपू या." नरसिंहराव त्या दिवशी मुलगा पास झाल्यासारखे हसले. वाटेत थांबून त्यांनी नीरमजिगे, म्हणजे पातळ ताक, प्यायलं.

पण लिथियमच्या जागी दिलेल्या औषधांनी मन आवरलं नाही. दोनदा औषध बदलून झालं. एका दुपारी डायलिसिस चालू असतानाच ते उठून बसले. पलंगावरच्या चादरी फार छान आहेत, सगळ्या पेशंटांना झबली शिवतो, म्हणत हातात टोचलेली सुई ओढायला लागले. रक्त उडालं. तिघांनी मिळून त्यांना दाबून धरलं. नवऱ्याच्या पायावर स्वतःच्या देहाचा भार टाकताना कृष्णवेणी एकसारखी म्हणत होती, "अहो, ऐका ना. अहो, मी वेणी."

दोन्ही डॉक्टरांचं बोलणं झालं. मग बाईंनी तिला आत बोलावलं.

"लिथियम परत देता येईल. डायलिसिसनं ते जवळजवळ सगळं धुऊन जातं, म्हणून दर डायलिसिसनंतर एकदा द्यायचं. अधूनमधून रक्तातलं प्रमाण बघू. पण उरलेली किडनी बहुतेक जाईल. त्यांना विचारण्याजोगी त्यांची अवस्था नाही. तुम्ही सांगा."

"मी काय सांगू, मॅडम? मला शिवणातलंसुद्धा धड कळत नाही."

"तरी तुम्हालाच सांगावं लागेल, अम्मा."

अनेकलला दिलेल्या मुलीला तिनं फोन लावला. रूपश्री नुसती रडली. शेवटी कृष्णवेणी म्हणाली, "द्या."

पहिल्या आठवड्यात काहीच फरक पडेना. मग डायलिसिसच्या सिस्टरच्या लक्षात आलं. "अक्का, गोळी केव्हा देता?"

"सकाळी, कॉफीबरोबर. नेहमीसारखी."

"अय्यो, मग ती मशीनच घेऊन जाते! इथून सुटल्यावर द्यायची."

तेव्हापासून यंत्रावरून उतरल्यावर, तिथंच बाकावर बसवून ती गोळी द्यायला लागली. हळूहळू बडबड ओसरली. नरसिंहराव झोपायला लागले, भाजीत मीठ नाही म्हणून कुरकुरायला लागले. आणि लघवी कमी होत होत थांबली. बाईंनी परत डबा दिला तेव्हा तो कोरडाच राहिला.

लघवीच नाही, म्हणून आता दिवसाचं पाणी मोजून एका लहान तांब्यात भरून ठेवावं लागे. वेडाच्या भरात त्यांना तहानेची शुद्ध नव्हती. आता ती पुरती होती. ओठ चिरले होते. ते तांब्याकडं बघत आणि ती दुसरीकडं.

एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "किडनी स्वल्प तरी चालत होती ना, वेणी? ती कशी काय गेली?"

तिनं सगळं सांगितलं. चादरी, रक्त, बाईंचा प्रश्न, आपलं उत्तर. काही लपवलं नाही.

ते खिडकीकडं वळले.

"मला विचारलं असतंस, तर मी नको म्हणालो असतो."

"तुम्ही नव्हताच ओ तेव्हा. विचारणार कुणाला?"

थोड्या वेळानं त्यांनी पाणी मागितलं. तिनं तांब्या हलवून पाहिला, तळाला होतं तेवढं वाटीत ओतलं, आणि ते पिऊन होईपर्यंत त्यांचा थरथरणारा हात धरून बसली.