दुसरी सनई

आमच्या घरात वर्षाचे चार महिने पोटभर खायचं आणि उरलेले आठ महिने त्या खाण्याच्या गोष्टी सांगायच्या, अशी रीत होती. घर वाजंत्र्याचं. वडील सनई वाजवायचे, मामा संबळ. केज तालुक्यातलं आमचं गाव लहान. पण युसूफ वडगावापासून आजूबाजूच्या वीसेक गावांत लग्न निघालं की सांगावा आमच्याच दाराशी यायचा. फाल्गुनात सुरू झालेली सराई ज्येष्ठात संपायची. आषाढ लागला की माय बांधावरून तरवट्याची पानं खुडून आणायची, ज्वारीच्या पिठात कोंडा मिसळायची. त्या पिठाची भाकरी हातात धरली की तुटायची. म्हणून ती ताटातच ठेवून चिमटीनं गोळा करून खायची, हे मी लहानपणी शिकलो आणि सगळीकडे असंच खातात असं समजत होतो.

ते खाऊन मी शाळा केली. निजामाचं राज्य, शाळा उर्दूतून, घरात बोली गावरान मराठी. मी एका भाषेत भूक काढली आणि दुसऱ्या भाषेत परीक्षा दिल्या. पुढं हैदराबादेत कॉलेजात गेलो, बी.ए. झालो. हे मी मिरवून सांगतो, कारण मिरवण्यासारखंच आहे. माझ्याआधी आमच्या घरात कुणाला स्वतःची सही करता येत नव्हती.

तर शेवटची परीक्षा देऊन मी चैत्रात घरी आलो आणि पहिल्याच लग्नात मला दिसलं, की वडिलांचा ओठ थरथरतोय.

ज्यानं सनई जवळून पाहिली नाही त्याला यात काय मोठंसं असं वाटेल. सनईच्या तोंडाला बोरूची चपटी पात असते. ती ओठांत धरायची, गालात हवा साठवायची, तीच हवा नळीत सोडत असताना नाकानं नवा श्वास घ्यायचा. सूर तुटता कामा नये. आमच्याकडे मुहूर्ताला सनई मध्येच तुटली तर अपशकुन मानतात. त्या एका सुरावर नवरीचा बाप, नवऱ्याची आत्या, गावचा पाटील सगळे कान लावून बसलेले असतात. आणि हा वाजवणारा माणूस सकाळपासून उपाशी असतो. वाजंत्र्याची पंगत सगळ्यात शेवटची, आणि वडिलांचाही हट्ट, की भरल्या पोटी दम टिकत नाही. सकाळचा मुहूर्त एका गावात, गोरज मुहूर्त दुसऱ्या गावात, मधे चार कोस उन्हातून पायी. तंबाखू आणि पाणी, एवढाच आधार.

मागच्याच सराईत एका लग्नात त्यांचा सूर फाटला होता. अक्षता पडायच्या वेळी फाटला. मी तेव्हा हैदराबादेत होतो. मामांनी मला नंतर सांगितलं. वऱ्हाडातला एक जण ओरडला, "काय बे वाजंत्र्या, कोकरू चेंगरलं का?" सगळा मांडव हसला. नवरीचा बाप मात्र हसला नाही. त्यानं वडिलांकडं नुसतं पाहिलं.

तेव्हापासून वडील प्रत्येक मुहूर्ताला त्या नजरेची वाट बघायचे. छाती आखडायची, श्वास वरच्या वर राहायचा, ओठ थरथरायचा. थरथरला की भीती वाढायची, भीती वाढली की अजून थरथरायचा. मला ते दोन लग्नांत कळलं. वडिलांना मात्र ते कळलं नव्हतं. ते म्हणायचे, "पात खराब हाय."

आणि ते पात तासायचे. आमच्या चुलीवर, धूर लागेल अशा जागी, बोरूच्या पातींची जुडी टांगलेली असायची. तीन पावसाळे धुरात काढल्यावर पात वाजवण्याजोगी होते. एका सराईला चार-पाच पाती पुरायच्या. त्या चैत्रात वडील रोज सकाळी ओसरीवर बसून काचेच्या तुकड्यानं एक पात तासायचे, वाजवून बघायचे, पुन्हा तासायचे. पातळ झाली की फुटायची, मग दुसरी घ्यायचे. ओठाचा दोष पातीवर काढायचा हा प्रकार मी रोज बघत होतो आणि माझं डोकं तापत होतं.

एका सकाळी मी म्हणालो, "दादा, पातीला काही झालेलं नाही. तुम्हाला झोप नाही, अन्न नाही, डोक्याला ताप आहे. थोडे दिवस लग्नं कमी घ्या. मुहूर्ताआधी शांत बसून सावकाश श्वास घ्या."

वडिलांनी काच खाली ठेवली. "तुज्या कालेजात श्वास घ्यायला शिकवत्यात व्हय? आमी हितं जल्मल्यापासून घेतोय."

मामा संबळाची वादी आवळत बसले होते. ते हसून हसून खोकायला लागले. मला वाटलं होतं ते माझी बाजू घेतील. उलट तेच म्हणाले, "भाच्या, तू आल्यापासून तेन्ला दोन वराती झाल्यात. एक भाईर आन् एक घरात."

हे मला झोंबलं. आता वाटतं खरं होतं. मी सकाळ-संध्याकाळ उपदेश करत होतो. माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला निघालो होतो आणि त्यावर आपलं गाठोडं ठेवत होतो. पण तेव्हा एवढा समजूतदारपणा माझ्याकडे नव्हता. तेव्हा मला फक्त हे दिसत होतं, की या घरात मी एकटा शिकलेला आणि माझंच कुणी ऐकत नाही.

शेवटी मायनं मध्यस्थी केली. "लेकराचं मन राहू द्या, हकीमाला दावून तर या," म्हणाली. म्हणून आम्ही केजला गेलो. हकीम म्हातारे, मेंदी लावलेली दाढी. त्यांनी वडिलांची नाडी पाहिली, पाठीला कान लावला, सनई वाजवून घेतली. मग मला म्हणाले, "सीना साफ है. दम भी है. मगर दिल पे बोझा लेके फिर रै ये. आराम कर्ना पड़ता."

मी वडिलांना मराठीत सांगितलं, "छाती चांगली आहे. मनावर ओझं आहे. आराम करायला सांगतात. दोन महिने लग्नं घेऊ नका म्हणतात."

"दोन महिने कधी म्हणाले बे ते?"

मी हकीमांच्या दाढीकडं बघायला लागलो.

"दर्ग्याच्या उरसात संदलाच्या मिरवणुकीत मी ईस वर्सं वाजवतोय. मला ती बोली कळत न्हाई व्हय? दोन महिने तू पदरचे घातलेस."

हकीम तोंडाला रुमाल लावून हसले. "बेटा पढ़ा-लिखा है. थोड़ा ज्यादा बोल्ताच."

परतीच्या वाटेवर मी लाजेनं आणि रागानं पुढं पुढं चालत होतो. वडीलच बोलले. रागानं नाही, साध्या आवाजात म्हणाले, "आराम कर म्हनायला काय जातंय? चार लग्नं नको म्हनलं तर फुडल्या साली चाळीस दुसऱ्याकडं जात्यात. मग आखाडात काय खायाचं? तुजी बी.ए. खायाची?" मला अजून राग आला.

वैशाख लागायच्या आत जुडीतल्या पिकलेल्या पाती संपल्या. उरल्या त्या एका पावसाळ्याच्या, कच्च्या. वाजवायला घेतल्या की ओल्या चिंधीसारख्या फडफडायच्या. आणि आठ दिवसांवर युसूफ वडगावचं मोठं लग्न होतं. वडील दोन दिवस ओसरीवर नुसते बसून राहिले.

धुरावलेल्या जुन्या पाती एकाच माणसाकडे मिळण्यासारख्या होत्या. तो म्हणजे वडिलांचा चुलत भाऊ, गेवराईचा काका. गोदेकाठी बोरू भरपूर, त्याच्याकडे नेहमी साठा असायचा. पण नऊ वर्षांमागं त्यानं वडिलांना न विचारता आमच्या भागातलं एक लग्न वाजवलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. "आपला मान खायला टपलेला हाय," असं वडील त्याच्याबद्दल म्हणायचे.

मी कुणाला न विचारता गेवराईला निघालो. मायला तेवढं सांगून गेलो होतो.

काका अंगणात बाज विणत होता. मी सगळं सांगितलं. ओठाचं सांगताना चोरून काही सांगतोय असं वाटत होतं. तो ऐकून घेत होता, हात चालू होता. मग एकदम थांबला. म्हणाला, "माजाबी थरथरायचा."

"कधी?"

"दोन सराया. कुनाला बोललो न्हाई. बायकोलाबी न्हाई. म्या पन पातीच तासत बसलो होतो." आणि तो हसला. ते हसू मी विसरलो नाही. इतके दिवस मला वाटत होतं, हा वडिलांचा एकट्याचा हट्टीपणा आहे. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड होती तर. ओठ गेला म्हणजे माणूस गेला. म्हणून ओठाचं नाव कुणी काढायचंच नाही.

"मग बरा कसा झाला?"

"नारायणगडाच्या जत्रंला दिसभर वाजवावं लागतंय. एकट्याच्यानं हुतंय का? माजा मेव्हना संगं बसला. तेचा दम सरला की म्या, माजा सरला की तेनं. मधी पानी प्यायचं, भाकर खायची, टेकायचं. आपलं तुटलं तर उचलाया दुसरा हाय, येवढं ठावं असलं की तुटत न्हाई."

त्यानं आठ पाती काढून फडक्यात बांधल्या. मी हात पुढं केला, तर त्यानं फडकं आपल्या कमरेला खोवलं. "पाती देतो. पन मीबी येनार."

आम्ही दोघं दारात उभे राहिलो तेव्हा वडिलांनी काकाकडं न बघता मला विचारलं, "ह्याला कावून आनलास?"

"पाती पोचवाया आलोय, दादा," काका म्हणाला.

"तेला म्हनावं पोचल्या," वडील मामांना म्हणाले.

"पोचल्यात म्हनत्यात," मामा काकाला म्हणाले. दोघांच्या मधे चार हात अंतर नव्हतं. मला तिथं भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. मायनं काकापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि चुलीकडे जाता जाता म्हणाली, "जेवून जावा, भावजी. लगीन परवा हाय, तवर ऱ्हावा." आमच्या घरात मायच्या बोलण्यावर वडील बोलले नाहीत, म्हणजे ते ठरलं.

लग्नाच्या दिवशी काका मागं बसला, नुसता आधाराचा सूर धरायला. वडिलांनी तेवढं चालवून घेतलं. मांडव खचाखच भरलेला. भटजींनी शेवटचं मंगलाष्टक सुरू केलं आणि मला वडिलांचे खांदे वर चढताना दिसले. पात नवी होती, चांगली होती, तरी ओठ थरथरलाच. मी डोळे मिटून घेतले.

सूर तुटला नाही. काकानं केव्हा आधाराचा सूर सोडला आणि वडिलांच्या सुराखाली आपला सूर सारला ते मला कळलं नाही. मांडवात कुणालाच कळलं नाही. डोळे उघडले तर अक्षता पडत होत्या, काका वाजवत होता आणि वडील सनई मांडीवर घेऊन त्याच्याकडं रागानं बघत होते. मग ते पाणी प्यायले. भिंतीला टेकले. चालू लग्नात वडिलांना टेकलेलं मी प्रथमच बघत होतो. खांदे हळूहळू खाली आले. थोड्या वेळानं त्यांनी काकाच्या गुडघ्याला हात लावला, सनई उचलली आणि त्याच्याकडून सूर काढून घेतला. जेवणावळी उठेपर्यंत दोघं असेच पाळीपाळीनं वाजवत होते. वडिलांचा ओठ पुन्हा थरथरला नाही.

घरी येताना काका म्हणाला, "दादा, तुमी लई घाई करताव."

"मी घाई करतो? तू वाजवता वाजवता झोपतोस बे!"

नऊ वर्षांनी बोलले ते असं. गाव येईपर्यंत भांडत होते. मामा आणि मी मुद्दाम मागं राहिलो.

वडिलांनी ओठाचं नाव पुढंही कधी काढलं नाही. मी बरोबर होतो असंही कधी म्हणाले नाहीत. याची चीड मला बरीच वर्षं होती. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा सगळा शहाणपणाचा विजय वाटेल. त्याच पावसाळ्यात मला बीडच्या कचेरीत नोकरी लागली आणि आषाढात घरात ज्वारी आली. लग्नाला नाही म्हणायला आधी कणगीत दाणे लागतात. हकीमाला ते ठाऊक नव्हतं आणि बी.ए. होईपर्यंत मलाही नव्हतं.

पुढच्या सराईपासून आमच्या ताफ्यात दोन सनया झाल्या. दिवसाला एकच लग्न घ्यायचं आणि मुहूर्ताआधी वाजंत्र्यांनी जेवून घ्यायचं, हे सांगावा घेतानाच सांगितलं जाऊ लागलं. काही गावं तुटली, बरीचशी राहिली. वडील त्यानंतर तेरा वर्षं वाजवत होते आणि त्या तेरा वर्षांत मुहूर्ताला त्यांचा सूर एकदाही फाटला नाही.